खोकल्याच्या औषधाची बाटली

आर्लेत, माझी बायको, वारल्यावर सात आठवड्यांनी मळ्याचे धाकटे मालक घरी आले. टोपी काढून तिच्या खुर्चीत बसले. ती तिची खुर्ची आहे हे त्यांना माहीत असण्याचं काही कारण नव्हतं.

"जिल्बेर, आम्ही ठरवलंय," ते म्हणाले. "सप्टेंबरात, काढणीच्या आधी, तुमचं नाव दगडावर कोरायचं."

मी कॉफी ओतत होतो. ओतत राहिलो.

"मी अजून निवृत्त कुठे झालोय?"

"व्हाल की या वर्षी. ही तुमची शेवटची खडूची फेरी. जिनिव्हाचे ते दोन व्यापारी मुद्दाम येतायत. त्यांना तुमचं नाक बघायचंय." ते हसले. "नाक जागेवर आहे ना?"

मी म्हणालो, आहे.

ते गेल्यावर मी दोन्ही कप धुतले. दोन कप धुवायची सवय होती म्हणून आधी बरं वाटलं, आणि मग कप कुणाचा होता ते आठवलं.

दगड म्हणजे आमच्या तळघराच्या दारावरची आडवी शिळा. तळघर सांभाळणारा माणूस निवृत्त झाला की त्याचं नाव तिच्यावर कोरतात. दीडशे वर्षांत तीनच नावं झाली आहेत. मालकांच्या घराण्यातलं एकही नाव त्यावर नाही, कारण तो मान फक्त काम करणाऱ्याचा. चौथ्या नावाची जागा मी रोज बघत आलोय. आत जाताना मान वाकवावी लागते, त्यामुळे ती दिसतेच.

मळ्याला सूर्दचा मळा म्हणतात, म्हणजे बहिरीचा. कोण बहिरी, कधीची, कुणाला ठाऊक नाही. जेमतेम दोन एकर जमीन, चारी बाजूंनी दगडी भिंत. वर्षाला लाल वाइनची बारा पिंपं होतात, फार तर तेरा. एवढ्याशा वाइनसाठी जपानपासून लोक यादीत नाव घालून ठेवतात आणि मरताना ती जागा मुलांच्या नावावर करून जातात.

मार्चमध्ये खडूचा दिवस असतो. त्या दिवशी तळघरवाला एकेका पिंपातून काचेच्या नळीनं वाइन काढतो, हुंगतो, चाखतो, थुंकतो. जे पिंप सूर्दच्या नावाला शोभणार नाही त्याच्यावर खडूनं फुली मारतो. फुली पडलेली वाइन गावाच्या साध्या नावानं जाते. बाकीची पिंपं एकत्र मिसळून बाटल्या भरतात. फुली मारताना कुणी बोलत नाही आणि तळघरवाल्याला कारण विचारत नाही. एकतीस वर्षं ती फुली मी मारली.

आणि एकतीस वर्षांत एकही फुली माझी नव्हती.

मला नाक नाही. सर्दी नाही, आजार नाही, बाकीच्यांसारखंच नाक आहे. वाइन हुंगली की मला वाइनचा वास येतो. नाक होतं आर्लेतचं. दूध नासायच्या आदल्या दिवशी तिला कळायचं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईचा गॅस गळतोय हे तिनं रस्त्यावरून सांगितलं होतं.

सुरुवात झाली तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, तळघरात पिंपं धुणारा. ती मळ्यातच कामाला होती. हिवाळ्यात आम्ही पुरुष वेली छाटायचो आणि वसंतात बायका त्या तारेला बांधायच्या. लग्नाला वर्ष झालं होतं. एका संध्याकाळी ती माझा सदरा धुवायला घेऊन उभी होती, आणि धूतच नव्हती.

"काय रे, हे कुठे सांडलंस?"

"सातव्या पिंपाशी. का?"

"याला खोगिराखालचा वास येतोय."

"कसला?"

"घोड्याच्या खोगिराखालचा. माझ्या बापाचा घोडा पावसात भिजून आला की यायचा तसा."

"अगं, ही सूर्दची वाइन आहे."

"मग सूर्दच्या घोड्याचा."

दुसऱ्या दिवशी मी थोरल्या मालकांना म्हटलं की सातवं जरा बघा. त्यांनी चाखलं. "मला तर काही लागत नाही," म्हणाले. तीन आठवड्यांनी त्यांना लागलं. तोवर ते पिंप बाकीच्यांत मिसळायचं राहिलं होतं, ते माझ्या सांगण्यामुळे. त्यांनी मला बोलावलं.

"पोरा, तुला नाक आहे."

बायको म्हणाली, असं मी सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि ते कधी कुणाच्या पाठीवर हात ठेवत नसत. मी तोंड मिटलं.

घरी येऊन आर्लेतला सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. "बरंच झालं. माझं नाव सांगितलं असतंस तर म्हणाले असते, बाईनं हुंगलं म्हणूनच बिघडलं."

ते खरं होतं. आमच्या तळघरात बाईनं पाऊल टाकायचं नाही असा नियम होता. बाईचे दिवस असले तर वाइन नासते, असं म्हणत. कुणाचे दिवस कधी हे कोण विचारत बसणार, म्हणून सगळ्यांनाच बंदी. थोरल्या मालकीणबाईसुद्धा दाराबाहेर उभ्या राहून नवऱ्याला जेवायला हाक मारायच्या. मळ्यात वाकून वाकून पाठ मोडेस्तोवर वेली बांधणाऱ्या बायकांना ती वाइन कुठे झोपते हे माहीत नव्हतं. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

म्हणून मी वाइन घरी आणायला लागलो. खोकल्याच्या औषधाची एक तपकिरी बाटली होती, अंगठ्याएवढी. सोमवारी पिंपांतून उडून गेलेल्या वाइनची तूट भरून काढायचं काम असे, तेव्हा मी एकटाच खाली असायचो. बाटलीत चार चमचे भरायचे, बूच घट्ट लावायचं, कोटाच्या आतल्या खिशात टाकायची. एका सोमवारी एकच पिंप. बारा सोमवार, बारा पिंपं.

सोमवारी आमच्याकडे कांदा शिजत नसे. ती चूल बंद करायची, थोडा वेळ खिडकी उघडायची, हात नुसत्या पाण्यानं धुवायची. मग विचारायची, "काय आणलंस खिशातून?" पेल्यात ओतायची. डोळे मिटायची. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून तिच्याकडे बघत राहायचो. सगळं आयुष्य मी वाइन अशी पाहिली, तिच्या चेहऱ्यावर.

तिचे शब्द तिचेच होते. चांगल्या वाइनला ती म्हणायची, आक्रोड फोडल्यावर आतली पांढरी साल. किंवा, उन्हात वाळत घातलेली चादर, पण दुपारची, सकाळची नाही. वाईटाला म्हणायची, पाद्रीबाबांची बाही. शाळेच्या दप्तरात विसरलेलं सफरचंद. विझलेली आगकाडी. एकदा एका पिंपाला म्हणाली, "हे माझ्या आत्यासारखं आहे. पाच मिनिटं गोड, मग सगळ्यांच्या चुका सांगतं."

उरलेले थेंब ती सूपमध्ये ओतायची. "खा रे," म्हणायची, "जगातलं सगळ्यात महाग सूप."

तळघरात मी यातला एकही शब्द कधी उच्चारला नाही. बोललो असतो तर कुणीतरी पुढचा प्रश्न विचारला असता आणि पकडला गेलो असतो. मी नुसती फुली मारायचो. लोक म्हणायचे, खरा जाणकार कधी बोलत नाही. थोरल्या मालकांनी मला चौतिसाव्या वर्षी तळघरवाला केलं. आम्हाला मूल नव्हतं, घर मळ्याचंच होतं, आम्ही सुखात होतो. आज हे लिहितानाही खोटं वाटत नाही. होतोच.

थोरले मालक वारले आणि दहा वर्षांपूर्वी धाकटे आले. एमेरिक त्यांचं नाव, पॅरिसमध्ये शिकलेले. पहिल्याच वर्षी त्यांनी तो नियम मोडून काढला. शिकाऊ मुली यायला लागल्या. मग क्लेमांस आली, वाइनचं शिक्षण घेतलेली, तिशीची. ती रबरी बूट घालून पिंपांवर चढायची आणि वाइन नासली नाही.

त्या शरदात आर्लेत एकदा म्हणाली, "आता पोरीबाळी जातात म्हणे खाली. मला एकदा दाखव की."

"काय दाखवायचं? पिंपं आहेत."

"तीस वर्षं चमच्याचमच्यानं चाखतेय. ती सगळी एकत्र कशी वास मारतात ते बघायचंय मला."

मी म्हटलं, काढणी होऊ दे.

मला भीती वाटत होती. खाली गेल्यावर ती गप्प राहिली नसती. पहिल्याच पिंपाशी थांबून क्लेमांससमोर बोलली असती, 'हे बघा, आत्याबाई.' आणि क्लेमांस हुशार पोरगी, एका क्षणात तिला सगळं कळलं असतं. हे मी आर्लेतला सांगितलंही.

"मी तोंड उघडणार नाही," ती म्हणाली.

"तू? तोंड उघडणार नाहीस?"

आम्ही दोघंही हसलो. ते तिथेच राहिलं. तिनं पुन्हा विचारलं नाही. मला वाटलं, विसरली.

गेल्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. औषधांनी आधी केस गेले, मग चव, मग वास. नोव्हेंबरात मी सवयीनं बाटली आणली. तिनं पेला नाकाशी धरला, बराच वेळ, डोळे मिटून.

"काय आहे?"

"काही नाही," ती म्हणाली. "पाणी आहे." पेला ठेवून दिला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. तिला दुखत असतानाही मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं.

जानेवारीत ती गेली.

धाकटे मालक दगडाचं सांगून गेले त्या दिवशीच मी ठरवलं. खडूच्या दिवशी सगळ्यांसमोर खरं सांगायचं, आणि दगडावर तिचं नाव मागायचं. माझं नको. दुसरं काही मी तिला देऊ शकत नव्हतो.

तरी पुढचे दहा दिवस मी प्रयत्न केला. बाराही पिंपांतून बाटली भरून आणली. कांदा बंद केला, खिडकी उघडली, तिच्या खुर्चीत बसून डोळे मिटले. बाराही वेळा वाइनचा वास आला.

खडूच्या दिवशी सकाळी दहाला आम्ही पाच जण खाली उतरलो. मालक, क्लेमांस, जिनिव्हाचे दोघं आणि मी. व्यापाऱ्यांपैकी जाडा होता तो कुजबुजत होता, चर्चमध्ये आल्यासारखा. मी पहिलं पिंप काढलं, चाखलं, थुंकलं, पुढे गेलो. दुसरं. तिसरं. सगळे माझ्या हातातल्या खडूकडे बघत होते. सातव्यापाशी मी थांबलो. हेच ते, सव्वीस वर्षांचा असताना सदऱ्यावर सांडलेलं. म्हणजे पिंप तेच नाही, जागा तीच.

"मला सांगता येत नाही," मी म्हणालो.

जाडा व्यापारी हसला. त्याला वाटलं, हाही रिवाजाचा भाग असेल.

"मला कधीच सांगता येत नव्हतं. मी घरी न्यायचो, आर्लेत सांगायची. माझी बायको. सगळ्या फुल्या तिच्या आहेत."

वर कुठेतरी पाणी ठिबकत होतं. मग मालकांनी माझ्या हातातून खडू अलगद काढून घेतला, पाहुण्यांना म्हणाले, "जानेवारीत गेल्या त्या. चाळीस वर्षांचा संसार," आणि त्यांना वर खायला घेऊन गेले. वर चीज घालून भाजलेले गरम गोळे आणि डुकराचं मांस मांडलेलं होतं. जाता जाता जाड्यानं माझा दंड दाबला.

मालक दहा मिनिटांनी परत आले.

"पाहुण्यांसमोर असं बोलायचं नाही, जिल्बेर."

"खरं आहे ते."

"असेल. दुःखात माणूस सगळं गेलेल्याच्या नावावर करतो. आई गेली तेव्हा बाबांना वाटायचं की हा मळाही तिनंच राखला."

"मालकीणबाईंनीच राखला होता," मी म्हणालो.

त्यांनी ते न ऐकल्यासारखं केलं. खिशातून घडी घातलेला कागद काढला, चष्मा लावला, आणि तिसऱ्या आणि अकराव्या पिंपावर फुल्या मारल्या. शाळेतल्या फळ्यावर मारावी तशी सरळ, नीटस फुली.

"हे काय आहे?"

"प्रयोगशाळेचा कागद. दर फेब्रुवारीत येतो."

"कधीपासून?"

"मी आल्यापासून. एवढी मोठी जोखीम कुणाच्या नाकावर कशी सोडणार? राग मानू नका."

"मग माझ्या फुल्या?"

"जुळायच्या. गंमतच होती ती. क्लेमांस तर म्हणायची, कागदाचा खर्च फुकट जातोय. पाहुण्यांना खडू आवडतो, तुम्हाला आवडतो, चालू दे म्हटलं. एकदाच नाही जुळलं. चार वर्षांपूर्वी तुम्ही नवव्यावर फुली मारलीत. कागद म्हणत होता, उत्तम आहे."

मला आठवत होतं. आर्लेत पेला फिरवत म्हणाली होती, "वरून छान आहे रे. पण खाली ओला पुठ्ठा आहे. आज कुणाला कळणार नाही. दोन वर्षांनी कळेल."

"मग काय केलंत?"

"काय करणार? तुम्ही घरी गेल्यावर फुली ओल्या फडक्यानं पुसली. मिसळलं बाकीच्यांत."

"आणि कशी निघाली ती वाइन?"

"कशी म्हणजे? विकली गेली."

"प्यायलेले काय म्हणाले?"

ते माझ्याकडे जरा दयेनंच बघत होते. "जिल्बेर, ती बाटली उघडतं कोण? तिजोरीत ठेवतात लोक. एकही बाटली परत आली नाही."

मी पिंपाला टेकलो. दहा वर्षं. माझ्या फुलीवर दहा वर्षं कुणीही विसंबून नव्हतं. जे राखायला मी आर्लेतला दाराबाहेर ठेवलं, ते राखण्यासारखं उरलंच नव्हतं. दहा वर्षांपूर्वी ती चोपन्न वर्षांची होती, धडधाकट होती, या एकवीस पायऱ्या दोन दमात उतरली असती. आणि पहिल्याच पिंपाशी बोलली असती, आणि काही म्हणजे काही बिघडलं नसतं.

"दगडावर तिचं नाव घाला," मी म्हणालो.

"काय?"

"माझं नको. तिचं घाला. आर्लेत व्हेरो."

मालक वाईट माणूस नाहीत. त्यांनी थोडा विचार केला, ते मला दिसलं. मग हळू आवाजात म्हणाले, "त्या दगडावर या तळघरात काम केलेल्यांची नावं असतात, जिल्बेर. गावात उद्या कुणी विचारलं तर काय सांगू? त्यांनी इथे कधी पाऊल तरी ठेवलं होतं का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग?"

या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते त्यांच्याविरुद्ध नव्हतं, माझ्याविरुद्ध होतं.

मी वर निघालो तर पायऱ्यांवर क्लेमांस उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती भिंतीला चिकटून मला वाट देत होती, आणि मग वाट न देता तिनं विचारलं, "मस्यू जिल्बेर, नवव्याला त्या काय म्हणाल्या होत्या?"

"ओला पुठ्ठा. वरून छान, खाली ओला पुठ्ठा."

तिचा चेहरा बदलला. "मला त्या वर्षी काहीतरी खटकत होतं," ती म्हणाली. "पण कागद चांगला होता." मग म्हणाली, "अजून काय काय म्हणायच्या?"

पुढच्या रविवारी ती वही घेऊन घरी आली. आर्लेतच्या खुर्चीत बसली नाही, स्टुलावर बसली. ते मला बरं वाटलं. मी आठवेल ते सगळं सांगितलं. आक्रोडाची साल, दुपारची चादर, पाद्रीबाबांची बाही, सफरचंद, आत्या. क्लेमांस आत्याला हसली आणि लिहिता लिहिता डोळे पुसले. मी तिला तपकिरी बाटली दाखवली. तिनं ती हुंगली.

"अजून खोकल्याचं औषधच येतंय," ती म्हणाली.

"आर्लेत म्हणायची, त्याला वजा करून हुंगायचं."

जाताना क्लेमांस म्हणाली की सप्टेंबरच्या समारंभासाठी ती मळ्याचं माहितीपत्रक लिहिणार आहे. "त्यात हे सगळं घालते. त्यांच्या नावानं. दगडावर नाही तर नाही, कागदावर तरी येईल."

मी तिचा हात हातात घेतला. आर्लेतनंतर कुणाचा हात असा धरला नव्हता. मार्च ते सप्टेंबर मी त्या पत्रकावर जगलो. दगडाबद्दल मालकांना पुन्हा काही म्हणालो नाही. कोरा काय कोरायचं ते, असं मनात म्हणालो, लोक कागद वाचतील.

समारंभाला साठेक माणसं होती. नगराध्यक्ष, शेजारच्या मळ्यांचे मालक, जिनिव्हाचे दोघं, गावातल्या वेली बांधणाऱ्या चार बायका. त्या आर्लेतच्या बरोबरीच्या, ठेवणीतले कपडे घालून मागे उभ्या होत्या. दगडावर पांढरं कापड होतं. प्रत्येकाच्या हातात पत्रक दिलेलं होतं, जाड कागदाचं, मळ्याच्या भिंतीचं चित्र असलेलं. मी चष्मा लावला.

आतल्या पानावर होतं, 'नाकाचा धनी'. खाली माझा फोटो. त्याखाली लिहिलं होतं की एकतीस वर्षं मौन पाळणाऱ्या जिल्बेर व्हेरो यांनी निवृत्त होताना आपली शब्दसंपदा प्रथमच खुली केली आहे. मग ओळीनं आक्रोडाची साल, उन्हातली चादर, सफरचंद. सगळे वाईट वास गाळले होते. दुपारची, सकाळची नाही, हेही गाळलं होतं. आत्या नव्हती.

तिचं नाव मी तीनदा शोधलं.

क्लेमांस द्राक्षाच्या टोपल्यांपाशी उभी होती. मी तिच्याकडे गेलो.

"मी लिहिलं होतं," मी विचारायच्या आतच ती म्हणाली. "पहिल्या ओळीत लिहिलं होतं. छापायला जाताना बदललं."

"कुणी बदललं?"

ती बुटांकडे बघत होती.

"तू काही म्हणाली नाहीस?"

"मला इथे राहायचंय, मस्यू जिल्बेर. अशी दोन एकर दुसरीकडे नाहीत."

मी तिला काय बोलणार? चाळीस वर्षांपूर्वी थोरल्या मालकांनी पाठीवर हात ठेवला तेव्हा मलाही इथे राहायचं होतं.

कापड काढलं. माझं नाव होतं, खोल आणि स्वच्छ कोरलेलं. टाळ्या झाल्या. मालकांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हणालो, "हे नाव चुकीचं आहे. या कागदावरचे शब्द माझे नाहीत. मला वासातलं काही कळत नाही. हे सगळं माझ्या बायकोचं, आर्लेतचं आहे."

मग पुन्हा टाळ्या झाल्या, आधीपेक्षा जास्त. नगराध्यक्षांच्या बायकोनं रुमाल काढला. शेजारी उभ्या असलेल्या बाईला ती म्हणाली, "बघा, किती प्रेम. आमच्याकडे हे असं कधी म्हणतील?" ते सगळ्यांना ऐकू गेलं आणि लोक हसले. नगराध्यक्षही हसले.

मागच्या चार बायका टाळ्या वाजवत नव्हत्या. त्यांच्यातली ल्युसेत माझ्याजवळ आली, तिच्याबरोबर आर्लेत पंचवीस वर्षं वेली बांधत होती. "आम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "सोमवारी तुमच्या घरातून कांद्याचा वास यायचा नाही. तिला विचारलं तर म्हणायची, जिल्बेरला सोसत नाही."

"तुम्ही कुणी बोलला कशा नाहीत?"

"तू बोललास का?" ल्युसेत म्हणाली, आणि खाण्याच्या टेबलाकडे गेली.

निघताना मालकांनी लाकडी पेटीतली एक बाटली हातात दिली. चाळीस वर्षांत सूर्दची अख्खी बाटली मला पहिल्यांदाच मिळाली. घरी येऊन लेबलवरचं साल पाहिलं. नववं पिंप ज्यात मिसळलं होतं, ती वाइन होती. मुद्दाम नसेल दिली. त्यांना ते आठवतही नसेल.

दुपारचे चार वाजले होते. सोमवार नव्हता, तरी मी चुलीवरचं सूप उतरवलं, खिडकी उघडली, हात नुसत्या पाण्यानं धुतले. दोन पेले काढले आणि एक परत ठेवला. बाटली उघडली, ओतली, तिच्या खुर्चीत बसून डोळे मिटले.

दोन वर्षांनी कळेल, असं ती म्हणाली होती. चार झाली होती. ती बरोबर होती की कागद, हे या पेल्यात होतं, माझ्या नाकाखाली, आणि सगळ्या जगात ते बघायची इच्छा असलेला मी एकटा होतो. मी हुंगलं. पेला फिरवला, थांबलो, पुन्हा हुंगलं. ओला पुठ्ठा शोधला. आक्रोड शोधला. तिच्यासाठी काहीही चाललं असतं.

वाइनचा वास येत होता.

उरलेली मी सूपमध्ये ओतली.